मदत हवी आहे: मॉर्फिन चालू आहे तरी बाबांचं दुखणं थांबत नाही

अकलूजची_लेक
बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर, कमरेच्या हाडांत उतरलाय. दहा दिवसांपासून मॉर्फिन, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. तीन-चार तास बरे जातात, मग पुन्हा कण्हणं सुरू. कातडीला चिकटवायचा औषधाचा पॅच लावला तर चालेल का आणि अकलूज-पंढरपूरकडे कुठे मिळेल, एवढंच सांगा. घरात कोणी झोपलेलं नाही.

भूलवैद्य
ताई, गोळी किती मिलिग्रॅमची? पाकिटावर नावापुढे एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, असं आहे का? साध्या गोळीचा असर चार तास टिकतो. ती दिवसातून दोनदाच लिहिली, तर दर बारा तासांतले आठ तास अंगात पुरेसं औषधच नसतं. साधी गोळी दर चार तासांनी असते: ६, १०, २, ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच कळ उठली तर दिवसाच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा हिस्सा जादा. पण हे वेळापत्रक किडनी ठीक असलेल्यांचं आहे, लगेच सुरू करू नका. किडनीची रक्तचाचणी, क्रिएटिनिन किती? संडास होते का?

केमिस्ट_सोलापूर
त्यांनी पॅचचं विचारलंय. फेंटॅनिलचा (मॉर्फिनच्याच जातीचं औषध) २५ चा, म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅमचा लावा, तीन दिवस निवांत.

भूलवैद्य
असं सांगू नका. २५ चा पॅच म्हणजे दिवसाला किमान ६० मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिन. बाबांची गोळी १० ची असेल तर ते २० वर आहेत. पॅचचा पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, आणि जास्त झालं म्हणून काढला तरी कातडीत मुरलेलं औषध पुढे कितीतरी तास रक्तात उतरत राहतं. ताप आला किंवा शेकायची पिशवी ठेवली तर आणखी वेगाने.

केमिस्ट_सोलापूर
२५ जास्त आहे, मान्य. १२ चाही येतो. पण दर चार तासांनी गोळी द्यायला घरात माणूस लागतो, तेही बघा.

तेल_आणि_लेप
मॉर्फिन म्हणजे अफूच. एकदा लागली की सुटत नाही. महानारायण तेलाने कंबर चोळा, वर एरंडाचं पान बांधा.

पॅलिएटिव्ह_सिस्टर
हाडात गाठ असताना कंबर जोरात चोळू नका, हाड मोडू शकतं. आणि व्यसन वेगळं, शरीराला सवय होणं वेगळं. दुखणं कमी झालं की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवता येते. या भीतीने माणसं गोळी लांबवतात आणि कळ शिगेला पोचल्यावर देतात, तेव्हा ती आवरायला जास्तच औषध लागतं.

अकलूजची_लेक
१० ची, साधी. संडास पाच दिवस नाही, इसबगोल देतोय. रात्री कळ आली की आम्ही आणखी एक-दोन गोळ्या देतो. दिवसभर पेंगतात, हात मधूनच झटकतात. काल कप तोंडाशी नेताना झटका आला, चहा अंगावर सांडला. कॅन्सर हाडात आहे, किडनीचा काय संबंध?

भूलवैद्य
तोच संबंध आहे. मॉर्फिनपासून शरीरात जे घटक बनतात ते किडनीतून बाहेर जातात. किडनी मंदावली की ते साचतात: आधी पेंग, मग हात झटकणं, मग श्वास मंद. कप सांडला तो अशक्तपणाने असेल असं धरून चालू नका. रिपोर्ट काढा. दुसरं काय काय चालू आहे? सगळं लिहा, इंजेक्शनंसुद्धा.

पॅलिएटिव्ह_सिस्टर
इसबगोल बंद करा. मॉर्फिनने आतडं थंडावतं, त्यात पाणी कमी पडलं की इसबगोलाचा गोळा अडकतो. मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून रात्री बिसाकोडिल, सोबत लॅक्ट्युलोज, ही पोट साफ करणारी औषधं लागतातच. मळमळ आठवड्याभरात जाते, बद्धकोष्ठ जात नाही. मात्र पाच दिवस झालेत, संडासचा खडा अडकलाय का ते आधी बोटाने तपासून घ्यायला हवं.

अकलूजची_लेक
क्रिएटिनिन २.४, तीन आठवड्यांपूर्वीचं. गावातले डॉक्टर रोज संध्याकाळी दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात. झोपेसाठी अल्प्राझोलाम. दुपारपासून लघवी नाही, ओटीपोट फुगलंय.

भूलवैद्य
क्रिएटिनिन २.४ म्हणजे किडनी मंदावलेली आहे. आता पॅच, गोळी सगळं बाजूला ठेवा. लघवी अडकली आहे आणि त्यात मॉर्फिनचाही हात असू शकतो. डायक्लोफेनॅक किडनीला मारक, अल्प्राझोलाम आणि मॉर्फिन मिळून श्वास दाबतात. आज रात्रीची ही तिन्ही औषधं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. लघवीची नळी घालण्याची सोय असलेल्या रुग्णालयात आत्ता न्या. छाती बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. आठच्या खाली असतील किंवा हाक मारून, हलवून डोळे उघडत नसतील तर १०८ लावा. तिथे गेल्यावर पोटाची सोनोग्राफी आणि नवीन क्रिएटिनिन मागा. दुखण्यासाठी किडनीला चालणारी औषधं आहेत. ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवसांचा पॅच येतो, तासाला ५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करतात. हाडासाठी रेडिएशनचा, म्हणजे किरणांचा, ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एकच शेक देता येतो का, हेही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

अकलूजची_लेक
श्वास १४ आहेत. हाकेला ओ देतात. गाडी बोलावली आहे.

केमिस्ट_सोलापूर
गोळ्यांची सगळी पाकिटं न्या, रिकामीसुद्धा, आणि शेवटची गोळी किती वाजता दिली ते कागदावर लिहून न्या. मॉर्फिन-फेंटॅनिल कुठे मिळतं ते विचारलं होतंत: अमली पदार्थांच्या कायद्यातल्या (एनडीपीएस) २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्था ती ठेवू शकतात, नेहमीच्या मेडिकलमध्ये शोधत फिरू नका. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) केंद्र आहे, कॅन्सरच्या रुग्णांसाठी मोफत. प्रकृती सावरली की तिथे फोन करून सगळे रिपोर्ट दाखवा.