ईसीजीत 'क्यूटी वाढलाय' आलंय, भावाची अ‍ॅमिसल्प्राइड बंद करायची का?

कळवा_पूर्व
भाऊ 36 वर्षांचा आहे, स्किझोफ्रेनिया. बरीच वर्षं अ‍ॅमिसल्प्राइड 400 चालू आहे, रात्री. त्यावर व्यवस्थित आहे, वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामाला जातो. परवापासून उलट्या-जुलाब सुरू झाले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, उलटीला ऑन्डॅनसेट्रॉन आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोन दिलंय. काल रात्री छातीत धडधडतंय म्हणाला म्हणून आज ईसीजी काढला. कागदावर ठोके 100, क्यूटी 370, क्यूटीसी 478 आणि खाली 'प्रोलॉन्ग्ड क्यूटी' असं छापलंय. ईसीजी काढणारा मुलगा म्हणाला, डोक्याच्या गोळ्यांनी होतं असं, बंद करा. आई घाबरून गेलीय. मागे एकदा गोळ्या सुटल्या होत्या तेव्हाचे दिवस आम्हाला परत नकोत. काय करू?

खारघरची_आई
ताई, आधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावा, मग इथे वाचत बसा. माझा मुलगा क्लोझापिनवर आहे. त्याचेही ठोके कायम शंभराच्या आसपास असतात, त्या गोळीने तसं होतं हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, छातीत दुखणं, धाप असं काही वाटलं तर लगेच या, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हेही बजावलं होतं. तुमच्या भावाची गोळी वेगळी आहे, पण गोळी कोणतीही असो, कमी-जास्त करायची ती लिहिणाऱ्यानेच. शेजारीपाजारी नाही, ईसीजीवालाही नाही.

चरईचा_केमिस्ट
मेडिकल स्टोअर चालवतो, डॉक्टर नाही. पण असल्या चिठ्ठ्या पावसाळ्यात रोज काउंटरवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, तो 478. एका ठोक्यानंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यांना पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो क्यूटीत मोजला जातो. ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून हिशेब करून क्यूटीसी काढतात. यंत्रं बहुतेक वेळा बॅझेटचं सूत्र वापरतात. 100 ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये 0.6 सेकंद, त्याच्या वर्गमुळाने 370 ला भागलं की 478. हे सूत्र ठोके जास्त असले की आकडा फुगवतं. फ्रिडेरिशियाच्या सूत्रात घनमुळाने भागतात, तिथे हाच क्यूटी 439 येतो. पुरुषांत साधारण 450 पर्यंत ठीक धरतात. खरी धास्ती 500 च्या वर, किंवा त्याच माणसाच्या जुन्या ईसीजीपेक्षा 60 ने वाढला तर. म्हणून गोळी सुरू करतानाचा कागद घरात असेल तर शोधा.

आता निर्धास्त व्हा असं मात्र मी म्हणणार नाही. मला त्या आकड्यापेक्षा चिठ्ठीची काळजी वाटते. अ‍ॅमिसल्प्राइड क्यूटी वाढवू शकते, डोस जास्त तेवढं जास्त. ऑन्डॅनसेट्रॉन वाढवतं. डॉम्पेरिडोन वाढवतं (आपल्याकडे लोक ते चणे-फुटाण्यासारखं मागून नेतात, चिठ्ठी मागितली की रागावतात). ऑफ्लॉक्सासिनच्या जातीतली अँटिबायोटिकंही वाढवतात. त्यावर उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम निघून जातं, तेही वाढवतं. वरून अ‍ॅमिसल्प्राइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. अंगातलं पाणी कमी झालं, लघवी कमी झाली, की रक्तात साचते. एवढी वर्षं निमूट चाललेली गोळी या दोन दिवसांत अशी अडचणीत येते, आणि शिव्या तिलाच बसतात.

तर आत्ताच्या आत्ता त्या डॉक्टरांना फोन करा आणि 'हा अ‍ॅमिसल्प्राइडवर आहे, ईसीजीत असं आलंय' एवढं सांगा. ऑन्डॅनसेट्रॉन आणि डॉम्पेरिडोनची पुढची गोळी हा फोन होईपर्यंत देऊ नका. आज रात्रीच्या अ‍ॅमिसल्प्राइडचं मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. रक्तात पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आजच तपासायला सांगतील असं मला वाटतं. ओआरएस पाकिटातलंच द्या, एका लिटरला एक. घरच्या साखर-मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नसतं.

चक्कर येऊन पडला, क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर फोनाफोनी नको. 108 लावा, किंवा रिक्षात घालून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. क्यूटी फार लांबला की जी जीवघेणी लय सुरू होते, तिची पहिली खूण पुष्कळदा तेवढीच असते.

निसर्गमार्गी
हेच सांगतो मी, या गोळ्या म्हणजे विष आहेत. हळूहळू सोडवा, प्राणायाम करा.

चरईचा_केमिस्ट
प्राणायाम करू दे की, कोण नको म्हणतंय. पण 'विष' म्हणून सोडवायला निघालात तर पुढचं वाचा. या औषधांनी अचानक हृदय बंद पडण्याचा धोका वाढतो, हे खरंच आहे. थायोरिडाझिन ही याच जातीतली जुनी गोळी तर याच कारणाने 2005 मध्ये मूळ कंपनीने जगभरातून मागे घेतलं. पण फिनलंडमध्ये 11 वर्षांच्या नोंदी तपासल्या, 2009 साली छापून आलं, त्यात औषध अजिबात न घेणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मृत्यू जास्त होते. आणि क्यूटीचीच भीती असेल तर डॉक्टर औषध बदलू शकतात. अ‍ॅरिपिप्राझोलचा त्यावर परिणाम फार कमी. मात्र बदलताना आजार उसळू शकतो, त्यामुळे तो निर्णय जुलाब चालू असताना व्हॉट्सअ‍ॅपवर होत नसतो.

कळवा_पूर्व
दादा, दोघांशीही बोलणं झालं. नाक्यावरच्या डॉक्टरांना मानसिक आजाराच्या गोळ्यांचं आम्ही सांगितलंच नव्हतं असं नाही, आई म्हणाली होती 'झोपेची गोळी चालू आहे'. लोकांसमोर ती तेवढंच म्हणते. त्यांनी ऑन्डॅनसेट्रॉन, डॉम्पेरिडोन आणि अँटिबायोटिक तिन्ही बंद केलं, म्हणाले ताप नाही, रक्त पडत नाही, ओआरएस पुरे. मानसोपचारतज्ज्ञांनी आजची रात्रीची गोळी रिपोर्ट बघून ठरवू म्हटलंय. पोटॅशियम 3.1 आलं. त्यामुळे आता कळव्याच्या हॉस्पिटलात घेऊन चाललोय, सलाईन आणि परत ईसीजी.

खारघरची_आई
बरं केलंत. आईंना रागावू नका हं. तिथे नाव घेऊन गोळी सांगा, पट्टीच दाखवा. आणि रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात.

चरईचा_केमिस्ट
3.1 म्हणजे कमीच, जाताय ते योग्य. आजच्या ईसीजीच्या कागदाची झेरॉक्स काढून न्या, मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत पुसट होतो, आणि पुढच्या वेळी तुलनेला नेमका तोच लागतो.