मदत हवी आहे: लीगमधली चुरस आकड्यांत कशी मोजायची?

नमस्कार मंडळी,

एका मित्राशी वाद चालू आहे. तो म्हणतो, प्रीमियर लीगमधली, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगमधली, चुरस कधीच संपली. मी म्हणतो, मग २०१६ मध्ये कुणाच्या ध्यानीमनी नसताना लीस्टर सिटी जिंकली ते काय होतं? तोंडाने भांडून झालं, म्हणून आकड्यांकडे वळलो आणि तिथेच अडकलो.

नोल-स्कली गुणोत्तर नावाचं माप सापडलं. कल्पना आवडली. सगळे संघ अगदी तुल्यबळ असले, प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा झाला, तरी हंगामाअखेर कुणी वर, कुणी खाली दिसणारच. विजयाच्या प्रमाणात निव्वळ नशिबाने पडणारं हे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पांगलेत त्याचं माप) म्हणजे ०.५ भागिले सामन्यांच्या संख्येचं वर्गमूळ. प्रत्यक्ष विचलनाला त्याने भागायचं. उत्तर १ च्या आसपास आलं तर कमालीची चुरस. जितकं मोठं, तितकी लीग एकतर्फी. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये संघाला हंगामात १७ सामने, बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये ८२, मेजर लीग बेसबॉलमध्ये १६२. सामने कमी तितका नशिबाचा वाटा जास्त. नुसती विचलनं शेजारी मांडली तर बिचारी एनएफएल उगाच बदनाम होईल.

अडचण अशी की नाण्याला दोनच बाजू असतात, फुटबॉलला तिसरीही आहे. प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांना ०.०८१ येतं, पण त्यात अनिर्णित सामने कुठे बसले? शिवाय विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. कुणी हे करून पाहिलंय का? मला एक्सेल येतं, त्यापुढचं जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

०.०८१ वापरू नका. बरोबरी म्हणजे अर्धा विजय आणि चारातला एक सामना बरोबरीत सुटतो असं धरलं, तर तो आकडा ०.०७० होतो. मोठ्या आकड्याने भागलं की फुटबॉल आहे त्याहून चुरशीचा दिसतो.

त्यापेक्षा सरळ गुणांवरच करा. विजय ३७.५ टक्के, बरोबरी २५, हार ३७.५. एका सामन्याचं विचलन येतं १.३२ गुण. त्याला ३८ च्या वर्गमुळाने गुणा, झाले सुमारे ८.१ गुण. गुणतक्त्यातल्या वीस आकड्यांचं विचलन काढून त्याला ८.१ ने भागा. एक्सेलमध्ये पूर्ण संचाचं सूत्र (STDEV.P) घ्या, नमुन्याचं (STDEV.S) नको.

धागाकर्ता

काढलं! मँचेस्टर सिटीचे १०० गुण झाले त्या २०१७-१८ ला विचलन १८.७, गुणोत्तर २.३. २०१५-१६ ला १५.०, म्हणजे १.९. मित्राला पाठवणारच होतो, पण थांबलो. लीस्टरच्या वर्षीसुद्धा १.९?

प्रतिसाद २

तक्त्याच्या तळाशी बघा. ॲस्टन व्हिला, १७ गुण! सरासरी ५१.६५, म्हणजे फरक ३४.६५ आणि त्याचा वर्ग १२०० च्या घरात. वीसही संघांच्या वर्गांची बेरीज ४५२८. एकट्या व्हिलाने पाव हिश्शाहून जास्त खाल्ला. जेतेपदाची चुरस बघायची असेल तर हे माप कामाचं नाही.

दुसरं म्हणजे ते एका हंगामापुरतंच बघतं. दरवर्षी तोच संघ पहिला आला काय किंवा नवा आला काय, त्याला कळतच नाही. जर्मनीच्या बुंडेसलिगात बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ जेतेपदं घेतली. त्यासाठी हर्फिन्डाल निर्देशांक: प्रत्येक संघाच्या जेतेपदांच्या हिश्शाचा वर्ग करून बेरीज. बुंडेसलिगाचा थेट १. त्याच ११ हंगामांत प्रीमियर लीगमध्ये सिटी ६, चेल्सी २, युनायटेड, लीस्टर आणि लिव्हरपूल प्रत्येकी १, म्हणजे ४३ भागिले १२१, ०.३६. अकरा वेगळे विजेते असते तर ०.०९ आलं असतं. तुमचा मित्र बहुधा याबद्दल बोलतोय.

धागाकर्ता

तो 'सिटी ६' एवढंच वाचेल! बाकीच्या संघांची वरखाली धरायची तर? दरवर्षी तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, त्यांचा क्रमांक काय लावू?

प्रतिसाद १

काहीच लावू नका. दोन्ही हंगामांत असलेले १७ संघ घ्या, त्यांना १ ते १७ असे नव्याने क्रमांक द्या आणि स्पिअरमन सहसंबंध (दोन क्रमवाऱ्या किती जुळतात त्याचं माप) काढा. १ च्या जवळ आला तर सगळे आपापल्या जागी चिकटून आहेत. २०१४-१५ ते २०१५-१६ ही जोडी आधी करा. लीस्टर चौदाव्यावरून पहिली, चेल्सी पहिल्यावरून दहावी. पण मित्राला दाखवायचं तर शेजारच्या जोड्याही काढा, नाहीतर सोयीचं वर्ष उचललं म्हणेल.