मदत हवी आहे: सिन्नरच्या कोरड्या मुरमासाठी रेझिस्टिव्हिटी मीटर कोणता घ्यावा?

सिन्नर भागात बोअरच्या जागांसाठी श्लंबर्जर साउंडिंग करतो, म्हणजे बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत करंट सोडून आतल्या दोन सळ्यांमधलं व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून खालचे थर ओळखतो. एबी/२ (करंटच्या सळ्यांमधलं निम्मं अंतर) २०० मीटरपर्यंत. खाली बेसाल्ट, वर वाळलेला मुरूम. मार्चनंतर ४०० व्होल्ट देऊनही जेमतेम २० मिलिअँपिअर करंट जातो. एमएन/२ (व्होल्टेजच्या सळ्यांमधलं निम्मं अंतर) १० मीटर आणि आभासी रोधकता (सगळ्या थरांचा मिळून दिसणारा विद्युत रोध) ६० ओहम-मीटर धरली, तर हाती ०.२ मिलिव्होल्टसुद्धा येत नाही. जवळून शेतीपंपाची लाइन गेली असेल तर आकडा स्थिरच होत नाही.

खड्ड्यात मिठाचं पाणी मुरवतो, दोन्ही टोकांना चार-चार सळ्या समांतर जोडतो. करंट वाढतो, पण पाणी वाहून न्यावं लागतं. एमएन/२ ४० मीटर केल्यास सिग्नल चौपट होतो, मात्र मुरमाची जाडी जागोजागी बदलत असल्याने रोधकतेच्या वक्रात उडी येते. स्टॅकिंग (तेच मोजमाप अनेकदा घेऊन सरासरी काढणं) १६ वर आहे. तारांचं इन्सुलेशन तपासलंय, गळती नाही.

४८ इलेक्ट्रोडची इमेजिंग यंत्रणा (एका रेषेत अनेक सळ्या लावून जमिनीचा उभा छेद दाखवणारी) नको: ५ मीटर अंतराने २३५ मीटरची रेषा, खोली साधारण ४५ मीटरच. मला ६०-७० मीटरवरच्या भेगा हव्यात. यंत्र १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारं, दोन माणसांना उचलता येईल असं हवं.

अशा जमिनीत ८०० व्होल्टचा ट्रान्समीटर जास्त उपयोगी, की ४०० व्होल्टच ठेवून विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा गोंगाट नीट गाळणारा रिसीव्हर?