ऑइल प्रेशर सेन्सर दोनदा बदलला, तरी पी०५२२ कोड परत येतो

प्रश्न : पिकअपचालक, पांढरकवडा, केळापूर तालुका

नमस्कार. माझ्याकडे डिझेल पिकअप असून हंगामात मी आसपासच्या गावांतून जिनिंगपर्यंत कापूस वाहतो. गेल्या महिन्याभरापासून इंजिन तापल्यावर, विशेषतः भरलेली गाडी पांदण रस्त्याने बाहेर काढताना, मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागतो. डांबरी रस्त्यावर आल्यावर तो कधी विझतो, कधी तसाच राहतो. स्कॅनरवर पी०५२२, म्हणजे ऑइल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी, असा कोड येतो. ऑइल आणि फिल्टर बदलले, तीन तारांचा सेन्सर दोन वेळा नवीन बसवला. दोन-चार दिवस बरे जातात आणि कोड पुन्हा येतो. आता एका गॅरेजमध्ये ऑइल पंप उघडावा लागेल असे सांगितले आहे. कपाशीची वेचणी ऐन भरात असताना गाडी आठ दिवस उभी ठेवणे मला परवडणारे नाही. कपलर काढून मी स्वतः मल्टिमीटरने मोजले, तर एका तारेवर बरोबर ५ व्होल्ट मिळाले, म्हणून वायरिंग ठीक आहे असे धरले. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : मेकॅनिक, वणी

दादा, पंप उघडू नका आणि तारांनाही अजून हात लावू नका. आधी इंजिनमध्ये ऑइलचा दाब खरोखर आहे की नाही, हे साध्या काट्याच्या गेजवर पाहून घ्या. सेन्सर काढून त्याच्याच आट्यांवर गेज बसवायचे, इंजिन पूर्ण तापू द्यायचे आणि आयडलवर व रेस देऊन असे दोन्ही दाब लिहून ठेवायचे. दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय (दाबाचे एकक) हा जुना ठोकताळा आहे. मात्र प्रमाण मानायचा तो तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातलाच आकडा. कोड फक्त व्होल्टेजविषयी बोलतो, ऑइलविषयी नाही. परंतु दिवा खरा निघाला तर बेअरिंग काही मिनिटांत खराब होतात. म्हणून ही तपासणी होईपर्यंत दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, मग माल कितीही भरलेला असो.

उत्तर : वाहन-विद्युत प्रशिक्षक, अमरावती

वरील सल्ला योग्य आहे आणि त्याचा क्रमही तोच ठेवावा. गेजवर दाब व्यवस्थित निघाला, तर तुमच्या मोजणीतली उणीव पाहू. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे तारेतला एकच धागा शिल्लक असला, तरी कपलर काढलेल्या अवस्थेत तो ५ व्होल्टच दाखवतो. सेन्सर जोडला, त्याने आपला थोडासा करंट ओढला, की त्या कमजोर जागी व्होल्टेज पडते.

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवून, त्याच्या मागच्या रबरातून बारीक पिन सरकवून मोजा. पुढून जाड प्रोब खुपसू नका, कारण आतली क्लिप फाकते आणि नवाच दोष तयार होतो. पुरवठ्याच्या तारेवर ५ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत; सेन्सरच्या अर्थ तारेवरून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजल्यास ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. आणि अशा सेन्सरचा सिग्नल बहुधा दाब नसताना ०.५ व्होल्टच्या जवळ असून दाबाबरोबर ४.५ व्होल्टकडे सरकतो. पुरवठा पडला की सिग्नलही त्याच्यासोबत खाली येतो, तो ०.५ च्याही खाली गेला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, पी०५२२ नोंदवतो, आणि सेन्सर बिचारा निर्दोष असूनही बदलला जातो. मीटर लावलेले असतानाच हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, वीतभर-वीतभर हलवत चला. आकडा उडेल ती जागा तुमची.

दोन गोष्टी टाळा. बल्बचा टेस्टर या तारांना लावू नका, ईसीएमचे नुकसान होऊ शकते. ओहम मोजायचे असतील तर बॅटरीचे निगेटिव्ह काढून आणि ईसीएमचा कपलर सोडवूनच मोजा. शिवाय बऱ्याच गाड्यांत ५ व्होल्टचा पुरवठा इतर सेन्सरनाही सामाईक असतो. त्यांचेही कोड सोबत येत असतील, तर दोष या सेन्सरच्या फाट्यात नसून त्याआधीच्या, ईसीएमकडच्या सामाईक तारेत असण्याची शक्यता जास्त.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे केले. गरम इंजिनवर गेजने आयडलला १६ आणि २००० आरपीएमला ४२ पीएसआय दाखवले, म्हणजे पंप वाचला. मग पिन घालून मोजले, तर पुरवठ्याच्या तारेवर ४.९ व्होल्ट होते. पण ब्रॅकेटपाशी हार्नेस दाबताच ते ३.२ वर आले आणि त्याच क्षणी दिवा लागला. टेप सोडवली तेव्हा तारेवरचे प्लास्टिक शाबूत दिसत होते, मात्र बोटाने वाकवल्यावर ती त्याच एका जागी बिजागरीसारखी दुमडत होती. सोलून पाहिले तर आतले तांबे हिरवे पडून भुगा झाले होते. सध्या तार पिळून टेप लावली आहे. एवढे पुरेल का?

वाहन-विद्युत प्रशिक्षक, अमरावती

पुरणार नाही. तांबे चकचकीत लागेपर्यंत तार दोन्ही बाजूंनी कापा, मध्ये त्याच जाडीचा तुकडा सोल्डर करून जोडा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. मग हार्नेसला थोडा ढिलावा देऊन तो ब्रॅकेटपासून दूर बांधा, कारण तार तिथेच घासली आणि तिथूनच पाणी आत गेले. कोड पुसा आणि भरलेली गाडी त्याच पांदण रस्त्याने एकदा नेऊन आणा.