हमीपत्रावर सही झाली म्हणजे घोडा शहाणा होतो का?

रिकीब (छत्रपती संभाजीनगर)

काल येथे 'माळेगावकर' यांनी लिहिले की, ज्याच्या घरी तीन पिढ्यांची पागा आहे तोच खरा उस्ताद, घोडेस्वारी शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही, आणि पालकांकडून 'अपघात झाल्यास आम्हीच जबाबदार' असे हमीपत्र लिहून घेतले की विषय संपतो. ते वाचून गप्प बसणे जमले नाही.

उत्तम स्वार असणे वेगळे आणि स्वारी शिकवता येणे वेगळे. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षांत स्वारी, घोड्याची निगा आणि अध्यापन या वाटा वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्या उगीच नव्हेत. ज्याला घोड्याची भीती कधी वाटलीच नाही, त्याला नऊ वर्षांचे लेकरू पाठीवर बसताच गुडघे का आवळते हे कळत नाही, गुडघे आवळले की टाच वर येऊन कुशीत रुतते, घोडा तिला इशारत समजून पाऊल उचलतो, लेकरू आणखी घाबरते, आणि उस्ताद बाहेरून ओरडत राहतात, "घाबरू नको!"

मागच्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका शिकवणीत मी हे डोळ्यांनी पाहिले. खोगीर चढवताना घोडीने पोट फुगवले होते. अशा वेळी दहा-वीस पावले चालवून तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) पुन्हा आवळायचा असतो, तो कोणी आवळला नाही. दुसऱ्या फेरीला खोगीर कलले. मुलाच्या पायात टाच नसलेले कॅनव्हासचे बूट होते, त्यामुळे पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) घोट्यापर्यंत आरपार गेले. मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने) धावत जाऊन लगाम धरला म्हणून ते पोर फरफटले नाही. उस्ताद त्या वेळी मोबाइलवर बोलत होते, आणि त्यांच्या घरीही तीन पिढ्यांची पागा आहे.

माळेगावकर (लोहा)

आपण माझ्या म्हणण्याचा विपर्यास केला आहे. मोबाइलवर बोलणारा माणूस प्रमाणपत्र घेऊनही मोबाइलवरच बोलला असता. आमच्या खंडोबाच्या यात्रेत दात पाहून घोड्याचे वय आणि चार पावले चालवून त्याची खोड सांगणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांपैकी कोणाच्याही भिंतीवर चौकट लावलेला कागद नव्हता. ज्या परीक्षांची नावे आपण घेता त्या इंग्रजीत असतात, मग आमच्या मोतद्दाराच्या पोराने त्या द्यायच्या कशा? आपल्या देशात परवाना सक्तीचा आहे असे एक कलम दाखवा, मी आजच शिकवणी बंद करतो.

परभणीचा वकील

कलम दाखवता येणार नाही, कारण तशी सक्ती नाही. तेवढ्यापुरते माळेगावकर बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये स्वारीशाळेला स्थानिक परिषदेचा परवाना घ्यावा लागतो, आपल्याकडे तसे काही नाही. परंतु परवाना लागत नाही म्हणून जबाबदारीही लागत नाही असे त्यांनी गृहीत धरले, आणि इथेच घोडे पेंड खाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्याइतकी खबरदारी जाणूनबुजून वा हयगयीने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मनगटाचे साधे हाड मोडले तरी कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापतच असते, आणि बेदरकारपणे वा हयगयीने तशी दुखापत घडवल्यास कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता हमीपत्र. करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करू शकत नाही, आणि असा करार मुळातच शून्य असतो हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ सालीच सांगून ठेवले आहे. आईने सही केली तर धोका ठाऊक असल्याचे तिने फार तर कबूल केले. लेकराचा भरपाईचा हक्क तिला परस्पर सोडून देता येत नाही. शिवाय फी घेतली की शिकणारा ग्राहक ठरतो आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. कागद अगदीच निरुपयोगी नाही. मुलाला फिट येते का, दमा आहे का, हे तरी त्यावर लिहून घ्यावे. ढाल म्हणून मात्र तो चालत नाही.

एक आई (लातूर)

माझ्या मुलीचा हात मोडला तेव्हा मला तोच कागद दाखवण्यात आला. "ताई, सही तुमचीच आहे ना?" एवढेच त्यांनी विचारले. तिच्या डोक्यावर क्रिकेटचे हेल्मेट होते. पण मला खरा राग आला तो पुढे समजलेल्या गोष्टीचा: ती घोडी आदल्या रात्री बारापर्यंत वरातीत डीजेपुढे नाचली होती आणि सकाळी साडेसहाला शिकवणीत उभी होती. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती उधळली. वरातीच्या घोड्यांवर मुलांना बसवणेच बंद झाले पाहिजे.

वराती घोडीवाला (बीड)

झाले, शेवटी खापर आमच्याच माथी! ताईंच्या मुलीचे वाईट वाटले. परंतु फटाके, बँड आणि गर्दी पचवलेली घोडी ही पागेत बांधून ठेवलेल्या घोड्यापेक्षा शांत असते, हे घोडा पाळणारा कोणीही सांगेल. लग्नाच्या तिथी मोजक्या असतात. उरलेले महिने चारा, भरडा आणि नाल यांचा खर्च कोण देणार? शहरातील हौशी मंडळी देणार आहेत काय? शिकवणीचे पैसे मिळतात म्हणून तर ती घोडी जगते.

माजी एनसीसी, रिमाउंट (उदगीर)

काका, आवाजाला सरावणे आणि आवाजाने थकणे यांतला फरक आपल्याला आमच्यापेक्षा अधिक कळतो, तरी आपण तो लपवत आहात. पशुवैद्यकीय महाविद्यालयात एनसीसीच्या रिमाउंट, म्हणजे घोड्यांच्या, पथकात असताना आम्हाला पहिला धडा असा मिळाला होता की, स्वार बसण्याआधी घोड्याची पाठ हाताने चाचपायची आणि चारही खूर उचलून पाहायचे. वरातीच्या किती घोड्यांची पाठ सकाळी कोणी चाचपतो? नाचायला शिकवलेल्या घोडीला तोंडातील ओढ म्हणजे पाय उचलण्याची इशारत वाटते. नवशिके मूल तोल सावरण्यासाठी लगामालाच लटकते, आणि ती बिचारी नाचू लागते. यात खोड घोडीची नाही, तिला शिकवणीत उभी करणाऱ्याची आहे.

वराती घोडीवाला (बीड)

महाविद्यालयात शिकलात, छान केलेत. आमची घोडी उपाशी मेली तर तिचे शवविच्छेदनही आपणच करा.

रिकीब (छत्रपती संभाजीनगर)

वरात हा स्वतंत्र विषय होऊ शकेल, पण तो या प्रश्नाला येऊन भिडतो तो असा: भाड्याने आणलेल्या घोडीने मूल पाडले तर जबाबदार कोण, मालक की शिक्षक?

परभणीचा वकील

कलमातील शब्द 'ताब्यातील' असा आहे. तासाभरापुरती का होईना, घोडी ज्याच्या हातात होती तो प्रथम अडकतो, आणि उधळण्याची खोड ठाऊक असून मालकाने ती दडवली असेल तर तोही सुटत नाही. विमा सक्तीचा असल्याचे सांगणारे काही जण मला भेटतात. ते १९९१ च्या ज्या पब्लिक लायबिलिटी कायद्याचा हवाला देतात तो भोपाळनंतर घातक रसायनांसाठी झाला आहे, घोड्यांसाठी नव्हे. स्वारीशाळेने विमा स्वतःहून घ्यायचा असतो, आणि तोही अपघाताआधी. नंतर घेणे म्हणजे वरातीमागून घोडे, ही म्हण येथे कोणी व्यक्तिगत घेऊ नये.

माळेगावकर (लोहा)

सर्व विद्वानांचे आभार. तंग आम्ही दोनदा आवळतो, आजोबाही आवळत असत. त्यासाठी लंडनला जावे लागले नाही. टाचेचे बूट नसतील तर यापुढे बसवणार नाही, आणि स्वारीची आठ हेल्मेट मागवली आहेत. हे मी रिकीब यांच्या सांगण्यावरून नव्हे, तर लातूरच्या ताईंच्या सांगण्यावरून करत आहे, याची नोंद असावी. विम्याचा अर्जही आणला. त्यात 'प्रशिक्षकाची अर्हता' असा एक रकाना आहे. तिथे तीन पिढ्या लिहू का?

परभणीचा वकील

खरे असेल तेच लिहा. खोटे आढळले तर कंपनी नेमका त्याच रकान्यावर बोट ठेवून दावा नाकारील.

माळेगावकर (लोहा)

रकाना दीड इंचाचा आहे, साहेब.