जर्मनीतला नाताळ: फराळ, पार्सल आणि चोवीस तारीख

प्रश्न (नगरकर_श्टुटगार्ट):
यंदाचा नाताळ श्टुटगार्टला, सोबत दोन मुलं. करंज्या, कुलकुल (काट्यावर वळून तळलेला गोड खाऊ), शंकरपाळ्या, केक आणि मराठी उपासना एवढं तरी व्हावं असं वाटतं. घरून पार्सल मागवावं का? शेगडी सिरॅमिकची आहे.

उत्तर (घंटा_वाजली):
आधी तारीख डोक्यात बसवा. इथला सण 24च्या संध्याकाळी. त्या दिवशी दुपारी 2 वाजता दुकानं बंद होतात आणि 25, 26 दोन्ही सुट्ट्या. रवा, तेल, साखर 22पर्यंत घरात हवं, नाहीतर शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जावं लागेल.

हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तिकडची रात्री 12ची उपासना इथे 24ला संध्याकाळी 7:30ला दिसेल. मुलं जागी असतात, त्यामुळे हे बरंच सोयीचं. मात्र इथल्या चर्चमधली मुलांची उपासना दुपारी उशिरा असते. ती आटोपून घरी यायचं, मग मोबाईल टीव्हीला जोडायचा.

उत्तर (पिशवीत_काय):
पार्सलमध्ये तूप, खवा घालू नका. युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत. घरगुती भेटवस्तू 45 युरोपर्यंत करमुक्त, पण फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' लिहून भागत नाही. वस्तू, वजन, किंमत वेगवेगळी लिहा. मागवायचंच तर करंजीचा साचा आणि कातणं मागवा. तूप इथेच 'बुटरश्माल्झ' नावाने मिळतं.

उत्तर (तळणवाली):
मैद्याला 405 नंबरचं पीठ घ्या. रवा 'वाइख' (मऊ गव्हाचा) लिहिलेला. 'हार्ट' लिहिलेला पास्त्याचा, तो भिजायला वेळ लावतो.

कुलकुल: 500 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, 50 ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन. नारळाचं दूध साधारण 200 मिली, पण एकदम ओतू नका. तासभर झाकून ठेवा. हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की गोळ्यावर पापुद्रा धरतो, मग गुंडाळी तळताना सुटते. ओला फडका हवाच.

सिरॅमिकची शेगडी उशिरा तापते आणि उशिरा निवते. रंग चढताना आच कमी केली तरी तेल आणखी काही मिनिटं तापतच राहतं, म्हणून जरा आधीच कमी करा. थर्मामीटर असेल तर 165 ते 170 अंश. तेल थंड असलं तर कुलकुल तेल पितात, फार गरम असलं तर बाहेर लाल आणि आत कच्चे. एका वेळी एकच मूठ टाका.

करंजीला 'कोकोसरास्पेल' (सुकं किसलेलं खोबरं) चालतं: 250 ग्रॅम मंद आचेवर भाजा, थंड झाल्यावरच 200 ग्रॅम पिठीसाखर घाला. गरम असताना घातली की सारण ओलं होऊन करंजी फुटते. इथली खसखस निळी, सारण राखाडी दिसतं. चवीला बरी लागते, पण डोळ्यांना पटत नाही. मी तर वगळेन.

उत्तर (भट्टी_180):
केकचा सुकामेवा आत्ताच भिजवा: 500 ग्रॅमला 150 मिली रम, बरणी दर दोन दिवसांनी हलवायची. रम नको असेल तर संत्र्याचा रस, पण तो केकच्या आदल्या रात्री आणि फ्रीजमध्येच; आठवडाभर ठेवलात तर आंबेल. इथली बेकिंग पावडरची पुडी 500 ग्रॅम पिठाच्या हिशोबाची असते. अर्ध्या पिठाला अर्धीच.

नगरकर_श्टुटगार्ट:
कुलकुलावर काट्याच्या खुणा उठत नाहीत, गोळी घसरते.

तळणवाली:
काट्याच्या पाठीवर तेल जास्त लावलंय. बोट फिरवाल एवढंच पुरे. आणि गोळी बोराएवढी घ्या; मोठी घेतली तर आतला वेढा कच्चा राहतो.