सगळ्यांनी सगळ्यालाच ‘अतिशय महत्त्वाचं’ लिहिलंय, आता निवड कशी करू?

ग्रंथपालताई
तालुक्याच्या गावातल्या ‘ब’ वर्ग वाचनालयात मी अकरा वर्षं ग्रंथपाल आहे. यंदा थोडी देणगी आली. ती कशावर खर्चायची हे कार्यकारिणीने ठरवण्याआधी सभासदांना विचारायचंच, असा हट्ट मी धरला. फॉर्मवर नऊ गोष्टी घातल्या: नवी पुस्तकं, दिवाळी अंक, बालविभाग, अभ्यासिका, संध्याकाळची वेळ, मागितलेलं पुस्तक सापडणं, पंखे-उजेड, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. प्रत्येकीपुढे दोन रकाने, ‘किती महत्त्वाचं’ आणि ‘किती समाधानी’, १ ते ५ गुण. ६४ फॉर्म परत आले.

महत्त्वाच्या रकान्यात सगळ्या सरासऱ्या ४.३ ते ४.८! अध्यक्ष म्हणाले, “सगळंच महत्त्वाचं आहे ना, मग कपाटं घेऊ.” कपाटांची गरज नाही हे मला रोज दिसतं, पण कागदावर दाखवू कसं?

आकडेमोड
ताई, फॉर्म वाया गेलेले नाहीत. महत्त्व आणि समाधान एकत्र मांडून बघायची ही पद्धत मार्टिला आणि जेम्स यांनी १९७७ साली मांडली, मोटारविक्रेत्याच्या सर्व्हिस विभागाचं उदाहरण घेऊन. उभ्या रेघेवर महत्त्व, आडव्या रेघेवर समाधान, आणि प्रत्येक गोष्टीचा एक ठिपका. चौकोनाचे चार भाग पाडताना रेघ ३ वर मारलीत तर तुमचे सगळे ठिपके वरच्याच अर्ध्यात जमतील. म्हणून नऊ आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधल्या, म्हणजे पाचव्या आकड्यावर रेघ मारा. दोन्हीकडे तसंच. वर डावीकडे जे येईल, महत्त्व जास्त आणि समाधान कमी, तिथे पैसे आधी.

मात्र ६४ फॉर्मांवर ४.४ आणि ४.५ यांत फरक मानू नका. आणि पुढच्या वेळी दोन्ही रकाने शेजारी ठेवू नका. आधी सगळ्या गोष्टींचं महत्त्व विचारा, समाधान नंतर वेगळ्या पानावर. शेजारी असले की एक उत्तर दुसऱ्याला ओढतं.

चिंचोके
गुण द्यायला पदरचं काही जात नाही, म्हणून माणूस सगळीकडे ५ देतो. पाणलोटाच्या कामात आम्ही गावात जमिनीवर चौकोन आखायचो, त्यात चित्रं काढायचो आणि प्रत्येकाच्या हातात वीस चिंचोके द्यायचो. जिथे गरज वाटेल तिथे ठेवा. एकीकडे जास्त ठेवले की दुसरीकडे कमी पडतात, मग माणूस थांबून विचार करतो. बायकांची फेरी वेगळी घ्यायचो. पुरुषांसमोर त्या पाण्यावर ठेवलेले चिंचोके परत उचलून घ्यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीही फेऱ्या वेगळ्या घ्या.

अभ्यासिकेतली
मी अशाच एका अभ्यासिकेत दोन वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला. सकाळी सात ते रात्री नऊ. पुस्तक बदलायला येणारे काका वीस मिनिटांत परत जातात, त्यांना स्वच्छतागृहाचं काय? आम्ही मुली पाणी कमी प्यायचो. आमची आणि काकांची एकच सरासरी काढलीत तर आम्ही त्यात दिसणारच नाही.

ग्रंथपालताई
रविवारी केलं. टेबलावर नऊ ताटल्या, प्रत्येकाला वीस चिंचोके. देवघेवीचे सभासद सकाळी, अभ्यासिकेतली मुलं दुपारी, मुली त्यानंतर. सकाळच्या फेरीत नवी पुस्तकं आणि ‘मागितलेलं पुस्तक सापडणं’ पुढे. मुलींच्या फेरीत स्वच्छतागृहाची ताटली भरून चिंचोके टेबलावर सांडले. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर त्या रोज बसतात आणि अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

फॉर्मही वेगळे करून पुन्हा मांडले. मुलींचं स्वच्छतागृहाबद्दलचं समाधान १.९, बाकीच्यांचं ३.८. तिन्ही फेऱ्यांतल्या ताटल्यांचे फोटो आणि हे दोन आकडे कार्यकारिणीपुढे ठेवले. दुरुस्ती आणि आतून कडी मंजूर झाली. पुस्तक सापडण्यासाठी पैसे लागत नाहीत. मे महिन्यात आठ दिवस देवघेव बंद ठेवून कपाटांतली पुस्तकं नीट लावून घेणार आहे.

एक राहिलं. हे सगळे वाचनालयात येणारे. ज्यांनी वर्गणी थकवून येणंच सोडलं, त्यांना कुणी विचारलेलं नाही. नोंदवहीतून त्यांची यादी काढली आहे, सोमवारपासून फोन करते. त्यांना नऊच्या नऊ गोष्टी विचारू की फक्त ‘का सोडलंत’ एवढंच?

आकडेमोड
आधी फक्त ‘का सोडलंत’. तुमच्या यादीत नसलेली दहावी गोष्ट निघाली तर ती त्यांच्याकडूनच कळेल.